टीव्हीच्या प्लास्टिकवरचे दोन चेहरे

आधीच सांगतो... मी आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली. कुणी असल्या गोष्टी सांगायला लागलं की त्याची भर पंगतीत टर उडवणारा माणूस मी. तेव्हा तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

लहानपणी आम्ही जुन्या पनवेलमध्ये दोन खोल्यांत राहायचो. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. रंगीत दिसावा म्हणून तेव्हा लावायचे तसं बाबांनी पुढे प्लास्टिक लावलं होतं – वर निळं, मध्ये केशरी, खाली हिरवं. रविवारी सकाळी चित्रकला शिकवणारा कार्यक्रम लागायचा. त्यातल्या मास्तरांचं कपाळ कायम निळं आणि हनुवटी हिरवी! ते फळ्यावर चेहरा काढायचे, आपण वहीत काढायचा. पण माझी धाकटी बहीण कुंदा, आठ वर्षांची, वही घ्यायचीच नाही. बाबांच्या लॅबमधली, काचेवर लिहायची लाल मेणाची पेन्सिल घेऊन थेट प्लास्टिकवरच गिरवायची. बातम्यांच्या आधी पुसायचं, एवढीच बाबांची अट.

एका रविवारी तिने दोन चेहरे काढले. एक तिचा, एक माझा. हुबेहूब. फक्त माझे कान... सुपाएवढे! शाळेत मला पोरं कानांवरूनच चिडवायची. कुंदा खदखदून हसत होती. माझं डोकं फिरलं. मास्तर सांगत होते, "तोंड सगळ्यात शेवटी काढा." मी अंगठा थुंकीने ओला केला आणि तिच्या चित्रातलं तोंड पुसून टाकलं.

"हास आता!" म्हटलं.

हसू तिथेच थांबलं. त्यानंतर कुंदाच्या तोंडून शब्द फुटला नाही. मुंबईपर्यंतचे डॉक्टर झाले, घशात काही सापडलं नाही. तिने पाटीवर लिहिलं, 'दादाने पुसलं.' बाबांनी तिच्या थोबाडीत मारली – भावावर आळ घेतेस? मी शेजारीच उभा होतो. गप्प. आईने ते प्लास्टिक रॉकेलने घासलं, पण उरलेली चित्रं निघेनात. शेवटी माळ्यावर टाकलं.

कुंदाचं लग्न झालं नाही, ती माझ्याकडेच असते. पाहुण्यांना मी सांगायचो, "जन्मापासून मुकी आहे." तिच्यासमोर सांगायचो. आज लाज वाटते.

गेल्या महिन्यात नवीन पनवेलचा फ्लॅट सोडून उलव्याला जायचं होतं. सामान बांधताना बायको म्हणाली, "अहो, हे काय प्लास्टिक? भंगारात देऊ?" बघितलं तर तेच, जुन्या घरातून सामानाबरोबर आलेलं, दोन्ही चेहरे अजून तसेच. बायको आत गेल्यावर मी मार्कर घेतला, कुंदाला समोर बसवलं आणि तिचं तोंड परत काढायला गेलो. कोपऱ्यात मार्कर उठत होता. तोंडाच्या जागी मात्र रेघ उमटेना. तीनदा करून बघितलं. मला रडू फुटलं.

"कुंदे, चुकलं माझं. माझं काय पुसायचं ते पूस."

तिने प्लास्टिक मांडीवर ओढून घेतलं. मग अंगठा ओला केला. रॉकेललाही न गेलेले माझे कान तिने सावकाश पुसले, आधी एक, मग दुसरा. नंतर माझ्या हातातला मार्कर घेऊन स्वतःचं तोंड काढलं. ते उमटलं.

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, तो बंद झाला. पंखा फिरत होता, पण त्याची घरघर नव्हती. कुंदाचे ओठ हलताना दिसले. बायको धावत आली, तिला जवळ घेऊन रडायला लागली. मग माझ्याकडे वळून काहीतरी बोलली; मी कानांकडे बोट दाखवून मान हलवली, तेव्हा मार्कर उचलून तिने खोक्यावर लिहिलं, 'वन्सं बोलल्या!'

"काय म्हणाली?" मी विचारलं. माझा आवाज मलाच आला नाही.

बायकोने क्षणभर कुंदाकडे बघितलं आणि खाली लिहिलं, 'दादा, ऐकू येतंय का?'

कानांच्या डॉक्टरांना काही दोष सापडत नाही. मलाही याचा अर्थ आजवर लागलेला नाही. कुंदा रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून तासभर बोलते. सुरुवातीला बायको ते मला लिहून द्यायची.

आता बायको काही लिहीत नाही. नुसती ऐकते, आणि माझ्याकडे बघते.