वर म्हणजे उत्तर

पदवीच्या पूर्वतयारीचा रविवारचा वर्ग होता. चाळिशीतल्या सुमनताईंनी नकाशात आपल्या गावची नदी खाली वाहताना दाखवली.

"ताई, ही नदी उत्तरेला जाते. बाण वर हवा," सर म्हणाले.

"पाणी वर कसं चढेल, सर?"

"मोटार लावा, ताई!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला, मीही हसलो.

"परीक्षेत असंच काढलंत तर यंदाही प्रवेश हुकेल," सर म्हणाले.

ताईंनी बाण खोडून वर काढला. उत्तर बरोबर झालं. नकाशातलं वर म्हणजे उंच नव्हे, एवढं मात्र त्यांना कुणीच सांगितलं नाही. शिकताना माणूस कधीकधी स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास असाच घालवून बसतो.

ताईंनी शेजारणीला हळूच विचारलं, "मग मी रोज धुणं धुते, ती नदी उलटी वाहते का गं?"