लोपीस अंकल आणि प्लॉटरची स्प्रिंग

ऑफिसात नवीन मशीन आलं की किस्से आपोआप साठतात. ऐंशीच्या दशकात आमच्या अंधेरीच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हाचे माझ्याकडे ढीगभर आहेत. मैत्रिणी जमल्या की सांगते, सगळ्या हसतात. लोपीस अंकलचं नाव आलं की मात्र मलाच हसता येत नाही.

आम्ही पिठाच्या मोठ्या गिरण्यांसाठी गहू पुढे ढकलणारे लोखंडी स्क्रू बनवायचो. त्यांची ड्रॉइंग्ज तीस वर्षं लोपीस अंकल हाताने काढत होते. मरोळ गावठाणातला शांत माणूस. आणि मी नुकतीच चिकटलेली प्रोग्रामर!

*

माझा पहिला हेलिक्स, म्हणजे स्क्रूचे चढते वळसे. साइन, कोसाइन, दर पावलाला वाढणारी उंची, कोडमध्ये सगळं बरोबर. प्लॉटर, म्हणजे कागदावर पेन फिरवणारं मशीन, सुरू केला. साहेबांसकट सगळे भोवती. पेन गोल गोल फिरतच राहिलं आणि कागदावर आलं एक जाड वर्तुळ! मी स्क्रू बरोब्बर डोक्यावरून बघितला होता.

साहेब म्हणाले, "हे तर माझी मुलगी बांगडी ठेवून काढते!"

अंकल हसले नाहीत. त्यांनी तिरका कापलेला कागद पेन्सिलीला गुंडाळला. "बघ पोरी, तिरकी रेघ गुंडाळली की झाला हेलिक्स. आता पेन्सिल जरा आडवी धर." मी कोडमध्ये तेवढंच केलं, आणि वळसे दिसले.

*

मग एका ओळीत माझं उणे चिन्ह जास्त पडलं. उजवे वळसे डावे झाले. ड्रॉइंग झकास दिसत होतं, कुणाला कळलं नाही. स्क्रू भांडुपच्या गिरणीत बसला. बटण दाबलं, गहू मागे आला, आणि आमचा फिटर साळवी घोट्यापर्यंत गव्हात!

फोनवर ओरडला, "गो बाय, तुझो स्क्रू उलटो फिरता!"

माझी वाट लागणार होती. अंकल साहेबांना म्हणाले, "मी तपासलं होतं. चूक माझी." खरं तर मी त्यांना ड्रॉइंग दाखवलंच नव्हतं.

तेव्हापासून साहेब अंकलचं काम निरखून बघायला लागले. आणि त्यांना अंकलचा थरथरणारा हात दिसला. हे माझ्यामुळे झालं, आजही खुपतं.

*

साहेबांनी त्यांना कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवलं. हात सुधारला तर नोकरी, नाहीतर घरी बसायचं. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "दर आठवड्याला घरून कागदावर पेन्सिलीने एक स्प्रिंग काढून आणा. औषध लागू पडतंय का बघू."

तीस वर्षं हेलिक्स काढणाऱ्या माणसाला!

अंकलनी हे हसत हसत सांगितलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

*

एका दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना अंकल कोरा कागद घेऊन माझ्यापाशी आले.

"पोरी, डॉक्टरची स्प्रिंग तुझ्या मशीनकडून काढून दे ना."

मी प्लॉटरचं पेन काढून त्यांची पेन्सिल टेपने बांधली. स्प्रिंग आली.

"इतकी चांगली मला कधीच जमली नाही गं. डॉक्टर ओळखेल. थोडी बिघडव."

मी कोडमध्ये प्रत्येक बिंदू किंचित इकडेतिकडे हलवला. दुसरा कागद काढला.

"जास्त झालं. ही तर माझ्या आजच्या हाताची."

मी कमी केलं. तिसरा कागद अंकलनी खिडकीशी नेला आणि बराच वेळ बघत राहिले.

"ही माझी," ते म्हणाले. "पाच वर्षांपूर्वीची."