ठगांचे सिनेमे आणि आबांची खंडेनवमी

मी गाव सोडलं त्या दिवशी परभणीच्या स्टँडवर मला पोचवायला दोनशे माणसं आली होती. बरं, वीस. बरं बाबा, सात, आणि त्यातली तीन त्याच एसटीनं पुढं जाणारी होती. मी खिडकीतून मान बाहेर काढून जाहीर केलं की चाकणच्या कंपनीनं मला मुद्दाम बोलावून घेतलंय आणि स्टँडवर गाडी घेऊन साहेब येणार आहे. प्रत्यक्षात माझ्याजवळ एका ठेकेदाराचा नंबर होता आणि तो लागत नव्हता. आई म्हणाली, "थापा कमी मार अन् दोन घास जास्त खा." आबा, म्हणजे माझे वडील, माझ्या बॅगेची चेन ओढून बघत होते. आमची पिठाची गिरणी. आयुष्यभर तिच्या खडखडाटात उभं राहून त्यांनी बोलणं जवळजवळ सोडूनच दिलंय. ते नुसते बघतात. मी एकुलता एक, गिरणी मीच चालवायची होती. "मला याहून मोठं मशीन मिळणार आहे" असं मी सांगितलं, म्हणून त्यांनी मला जाऊ दिलं.

गावातल्या मंडळींनो, आणि माझ्यासारखंच बॅग उचलून इकडं आलेल्या भावांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. कारण गावात सध्या असं बोललं जातं की ठगांचे सिनेमे बघून बघून पोरगं बिघडलं. बघतो. रोज बघतो, आणि पुढंही बघणार.

चाकणात आम्ही एका खोलीत पाच जण राहतो. शिफ्ट सुटली की पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवायचा आणि पाच डोकी एकावर एक. बंदुकीचे सिनेमे आम्हाला चालत नाहीत. बंदूक काय, कुणालाही चालवता येते. ठगाला माणूस वाचावा लागतो. समोरच्याला काय ऐकायचंय ते त्याच्याआधी ओळखावं लागतं. लूट किती झाली हे मला कुठल्याच सिनेमातलं आठवत नाही. माणूस मात्र आठवतो. एका सिनेमात एक ठग खोटा मोजणीदार बनून गावात येतो. साखळी धरून लोकांची शेतं मोजायचं नाटक करतो. एक म्हातारी त्याला रोज जेवायला वाढते. पळून जायच्या दिवशी सकाळी तो तिचं अंगण मोजतो, अगदी खरंखुरं, इंच न् इंच, आणि तिच्या हातात कागद देऊन निघून जातो. सिनेमाचं नाव सांगत नाही. तुम्ही शोधून बघाल आणि मी किती मीठमसाला लावलाय ते कळेल.

माझा खोलीतला दोस्त संदेश, संगमेश्वरकडचा, तो या सीनला म्हणाला होता, "राव, हा बिचारा घरी कधी जातच नाय काय?" मी म्हटलं, ठगाला घर नसतं, म्हणून तर तो गावोगाव फिरतो. बोललो आणि मलाच कसंतरी झालं.

कारण माझं नाटक तेव्हा वर्षभर जोरात चालू होतं. कंपनीत माझं काम डीबरिंगचं. मशीनमधून शाफ्ट निघाला की त्याच्या कडेला धार राहते, ती कानशीनं घासून काढायची. दिवसभर, उभ्यानं, ठेकेदाराच्या कार्डावर. फोनवर मात्र मी पर्मनंट ऑपरेटर होतो आणि माझं मशीन रेल्वेच्या डब्याएवढं होतं. एकदा तर मी त्याला दोन मजले चढवले.

मग एके दिवशी आबा स्वतःहून फोनवर आले. "खंडेनवमीला घरच्यांना मशीन बघू देत्यात म्हणं. येतो."

मी फोन ठेवला आणि संदेशला सगळं सांगितलं. आबांनी माझ्या एका शब्दावर गिरणीचा वारस सोडला होता. तो शब्द खोटा निघाला तर नाक माझं नाही, त्यांचं कापलं जाणार होतं. संदेश मात्र खुशीत. "भावा, एवढे सिनेमे बघितले ते कशाला? उभा करू ना खेळ!"

खंडेनवमीचा दिवस या खेळाला फार सोयीचा. सगळे घरचे कपडे घालून येतात, त्यामुळे पर्मनंट कोण आणि ठेक्यावरचा कोण हे कळत नाही. आणि त्या दिवशी यंत्रांना विश्रांती, त्यामुळे "चालवून दाखव" असं कुणी म्हणत नाही. राहिलं मशीन. ते दिलं गायकवाड काकांनी. आकुर्डीचे, शॉपमधले, म्हणजे आमच्या मशीनच्या विभागातले, सर्वांत जुने ऑपरेटर. ते म्हणाले, "आम्ही बौद्ध. हार-नारळ मी करत नाही. माझं मशीन त्या दिवशी पुसून मोकळं ठेवतो. घे तू. पण बटणाला हात लावलास तर हात मोडीन."

आबा आले. पांढरं धोतर, नवी टोपी. मी मशीनला झेंडूचं तोरण लावलं, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मशीनसमोरच्या लाकडी फळीवर ऐटीत उभा राहून माहिती सांगू लागलो. हे मशीन जर्मनीहून समुद्रातून आलं, येताना जहाज एका बाजूला कललं, वगैरे. संदेश मागं उभा राहून माना डोलवत होता. सगळं सिनेमासारखं चाललं होतं.

आबा मशीनकडं बघतच नव्हते. ते माझ्या पायांकडं बघत होते.

"ही फळी इतकी उंच कुणी केली?" त्यांनी विचारलं. "वाकून वाकून पाठ दुखंना का तुझी?"

मी खाली पाहिलं. काका बुटके. त्यांनी हात पुरावा म्हणून दोन फळ्या एकावर एक ठोकून घेतल्या होत्या. मी सहा फूट तीन इंच, म्हणजे खरं तर पाच-अकरा, तिच्यावर चढून आकाशकंदिलासारखा लोंबत होतो. एवढी तयारी केली आणि ज्याच्यावर माणूस आठ तास उभा राहतो तेच मी बघितलं नव्हतं. गिरणीवाल्याची नजर दुसरीकडं जाणार कुठं?

शॉपमध्ये शंभरेक माणसं असतील. आबा सरळ चालत सर्वांत बुटक्या माणसापुढं जाऊन उभे राहिले. त्याच्या खिशातून पुसायचं फडकं डोकावत होतं. आबांनी हात जोडले.

"मशीन लई निगुतीनं ठेवलंय तुमी."

काकांनी माझ्याकडं पाहिलं, मग आबांकडं. "पोरगं वाईट नाही तुमचं," ते म्हणाले. "तोंड तेवढं मोठं आहे."

"ते त्याच्या आईकडनं," आबा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "आता तुझी जागा दाखीव."

मी त्यांना मागच्या बाकाकडं नेलं. आदल्या दिवशी घासलेले शाफ्ट ओळीनं ठेवले होते. आबांनी एक उचलला आणि पीठ चोळून बघतात तसा कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, पूर्ण गोल.

"कुठं बी लागंना. तूच केलंस?"

"हो," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा माझं वाक्य एका शब्दात संपलं.

"मग हे सांगाया काय झालतं तुला?"

मी त्यांच्या हातातला शाफ्ट घेऊन ओळीत परत ठेवला. चहा पिऊन ते संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. पारावर कुणी विचारलं की सांगतात, "कानशीचं काम करतो. हात चांगलाय." झालं. तुम्ही हसलात, मला माहीत आहे. हसा. कानस मारतो मी. माझ्या हातून गेलेला शाफ्ट बिनघोर हातात घ्या, बोट कापणार नाही.

आणि सिनेमांना दोष देऊ नका. थापा मी त्याआधीपासून मारतोय, आईला विचारा. सिनेमांनी उलट मला एक गोष्ट दाखवली. ठग नव्या शहरात जातो, कारण तिथं त्याच्या पायांकडं बघणारं कुणी नसतं. चाकणात पहिलं वर्षभर माझी प्रत्येक थाप खपली. मला वाटायचं, काय आपली कला! कला कसली, कुणाचं लक्षच नव्हतं. जिथं आपली थाप कुणीतरी धरतं, ते घर.

आता इथंही धरतात. परवा मी खोलीवर सांगत होतो की सुपरवायझरच्या घरी मी बावीस पुरणपोळ्या खाल्ल्या. संदेश कांदा कापता कापता मान वर न करता म्हणाला, "खोटं बोलताना तू डावा कान खाजवतोस, राव. किती खाल्ल्यास?" चार, मी म्हटलं. गायकवाड काका तर मी तोंड उघडायच्या आधीच "नाही" म्हणतात.

तेव्हा "घरी कधी येणार" असं विचारू नका. दिवाळीला येईन, चार दिवस, आईच्या हातचं खाईन, आबांसमोर गप्प बसेन. पर्मनंट करावं लागू नये म्हणून ठेकेदार अकरा महिन्यांनी माझं कार्ड बदलतो, बदलू दे. मी इथून हलत नाही. मागच्या महिन्यात आधारवरचा पत्ता बदलून चाकणचा केला. फॉर्म संदेशनं माझ्या हातातून ओढून घेतला, दोनदा वाचला, नाव, खोली नंबर, सगळं, आणि म्हणाला, "सगळं खरं लिहिलंस की रे. चल, देऊन टाक."