मधल्या रांगेतली जागा

"गाडी पाहाले तू बी चाल आमच्यासंगं," असा शामलाअक्काचा फोन आला तेव्हा मला वाटलं, भाऊजींनीच सांगितलं असेल. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी नोकरी झाली, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. घरात कोणाला फ्लॅट घ्यायचा असो की फ्रीज, दोन पर्याय समोर ठेवून जमा-नावे मांडायला मला बोलावतातच. पण अक्का पुढे म्हणाली, "सकाळी जरा लवकर ये, अनंता. मले तुले काही सांगाचं आहे. फोनवर नाई."

अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आम्ही मूळ भिवापूरचे. शिकायला म्हणून मी नागपुरात आलो, त्याच्या आधीच ती लग्न होऊन इथे आली होती. दुर्गेशभाऊजींच्या घरी मिरचीचा घाऊक धंदा. एकत्र कुटुंब, चुलीवर मोठमोठी पातेली, आणि सासूचा शब्द शेवटचा. त्या घरात अक्काचा आवाज कोणी फारसा ऐकला नाही. ती कामाची, हसतमुख आणि घाबरट म्हणून ओळखली जाई. घाबरट हा शब्द घरात लाडाने वापरत. लग्नाच्या हॉलमध्ये ती रांगेच्या टोकाची खुर्ची धरते. लिफ्टमध्ये चढत नाही, चार मजले गुडघे धरून जाते. एकदा सीताबर्डीहून आम्ही मेट्रोने आलो. अर्धा डबा रिकामा असताना ती दाराशी उभी राहिली. "बस नं अक्का," म्हटलं तर म्हणाली, "आता उतराचंच आहे." उतरायला अजून पाच स्टेशनं होती.

नंदनवनच्या त्यांच्या घरी पोचलो तेव्हा ती ओट्यावर वाट बघत होती. भाऊजी आंघोळीला गेले होते. माझ्या हातात चहा देऊन ती शेजारी बसली आणि काही प्रस्तावना न करता बोलू लागली.

"तुले उमरेड रोडवरची गोष्ट मालूम आहे नं? वाफेची?"

मालूम होतीच. त्या घरात ती गोष्ट प्रत्येक लग्नकार्यात निघते. अक्काचा मुलगा मोहित लहान असताना त्यांच्याकडे सात जणांची गाडी होती. पुढे गाडी चालवणारे भाऊजी आणि सासरे, मध्ये सासू आणि दोन नणंदा, सर्वांत मागे सून. सुनेने सासूच्या पुढच्या जागेवर बसायचं नाही, हा त्या घराचा दंडक. भिवापूरहून परत येताना गाडीच्या तोंडातून भसकन वाफ निघाली, कोणीतरी "आग!" म्हणून ओरडलं, सगळे उतरून पळाले. रेडिएटरचा पाइप फुटला होता, बाकी काही नाही. पण अक्काने मागून सासूला लाथा मारल्या, असं सासू शेवटपर्यंत हातवारे करून सांगत असे आणि सगळे पोट धरून हसत. अक्काही हसायची.

"लाथा नाई मारल्या मी," अक्का म्हणाली. "हातानं ढकलून राहिली होती. मधली सीट पाडल्याबिगर मागच्याले निघता येत नव्हतं गा. नणंदा उतरल्या. आत्याबाई बसूनच राहिल्या. मी म्हणून राहिली, आत्याबाई उठा, आत्याबाई उठा. त्या हालेच ना. काचेतून मले सगळे दिसून राहिले होते. हे मोहितले काखेत धरून शेताच्या धुऱ्यापर्यंत गेले होते. एकानंबी मागं पाह्यलं नाई. आत सगळं पांढरं झालं होतं. मले वाटलं, हे असंच असते मरणं. सगळे समोर उभे राहतात अन् आपण आत."

तिने आपली कपबशी खाली ठेवली.

"मंग?"

"एक ट्रकवाला थांबला. त्यानं बाहेरून डिक्की उघडली. आतून उघडत नव्हती ते."

त्यानंतर वर्षभरात ती गाडी विकली गेली. का, ते मला त्या दिवशी कळलं. अक्काने माहेरून आणलेली नथ गहाळ झाल्याचं निमित्त करून ती गाडी अपशकुनी आहे असं सासूच्या मनात भरवून दिलं होतं. नथ तिच्याच ट्रंकेत होती. मग घरात पाच जणांच्याच गाड्या आल्या, आणि मागची रांग हा प्रश्न उरला नाही. आता मोहितला तीन रांगांची, मोठी, ऐषारामी गाडी हवी होती.

"तुले भेव वाटते तं तू मधात बसशील," मी म्हणालो. "आता तूच सासू आहेस."

"तेच तं," अक्का म्हणाली. "मागं सून बसन, सोनिका. पोरगी घेऊन. अन् मधात मी. माये गुडघे असे. मी उठली नाई तं?"

तेवढ्यात भाऊजी टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. "काय साळे, भाऊबहिणीचं काय कारस्थान चालू आहे?" अक्का उठून आत गेली.

पहिलं शोरूम वर्धा रोडवर. गाडी काळी, इतकी लांब की मोहितने तिच्याभोवती फेरी मारली तेव्हा तो पलीकडे दिसेनासा झाला. विक्रीवाला ऋषिकेश नावाचा चुणचुणीत तरुण होता. मी माझे प्रश्न विचारले: एअरबॅगा किती, सर्व्हिस कुठे, पाच वर्षांनी हिची किंमत काय राहते. त्याची उत्तरं तयार होती. मोहितने छताची काच उघडबंद केली. भाऊजींनी पुढच्या सीटवर बसून पाठीला मालिश करणारं बटण लावलं आणि डोळे मिटले. "बाप्पा, हे तं बायकोपेक्षा चांगलं आहे," ते म्हणाले.

"हळू बोला, आई मागंच आहे," मोहित म्हणाला.

अक्का मागच्या दाराशी उभी होती. तिने ऋषिकेशला विचारलं, "सर्वांत मागं बसलेला माणूस कसा उतरते?"

"एकदम सोपं आहे मॅडम." त्याने बटण दाबलं. मधल्या रांगेची सलग सीट गुरगुरत पुढे सरकली, मग सावकाश वाकली. मागे जायला वाट झाली.

"अन् या सीटवर कोणी बसलं असन तं?"

"मग हलत नाही मॅडम. सेन्सर आहे ना. सेफ्टीसाठी."

"अन् डिक्की?"

"ती पण बटणावर. ड्रायव्हरकडे बटण आहे."

"ड्रायव्हर उतरून गेला असन तं?"

ऋषिकेश हसला. मोहितही हसला. "आई, तू गाडी घेऊन राहिली का पाणबुडी?"

एरवी अक्का इथे गप्प झाली असती. आज ती म्हणाली, "आपण सगळे बसू. घरचे जसे बसतो तसे. मंग मी म्हटलं की उतराचं."

"अरे चला, ड्रिल आहे ड्रिल," भाऊजी म्हणाले. त्यांना गंमत वाटली. ते पुढे बसले, मोहित स्टिअरिंगवर. सोनिका लेकीला, मुग्धाला, घेऊन सीट वाकवून मागे गेली. सीट परत उभी झाली, अक्का मधल्या रांगेत दाराशी बसली, तिच्या पलीकडे मी. दारं लागली. त्या गाडीत दार लागलं की बाहेरचा आवाज पूर्ण बंद होतो. ऋषिकेश काचेपलीकडे काहीतरी बोलत होता आणि नुसतं त्याचं तोंड हलत होतं.

"आग लागली रे!" मोहित ओरडला आणि उडी मारून उतरला. भाऊजी हसत हसत उतरले. मीही माझ्या बाजूने उतरलो आणि वळलो.

अक्का बसून होती. दार उघडंच होतं, ऋषिकेशने ते बाहेरून अदबीने धरून ठेवलं होतं. तिला फक्त पाय खाली टाकायचा होता. तिचे दोन्ही हात मांड्यांवर होते आणि नजर समोरच्या सीटच्या पाठीवर. मला वाटलं, गुडघा अडकला असेल.

"आई, उठा नं," मागून सोनिका म्हणाली. हसतच म्हणाली.

अक्का हलली नाही.

"आई?" सोनिकाचा आवाज बदलला. तिने पुढे होऊन सीटचं बटण दाबलं. सीट नुसती टिकटिक करत राहिली. मुग्धाने आजीच्या खांद्यावर थापट्या मारल्या, आणि आजी वळून बघत नाही म्हणताना ती रडायला लागली. "आई, उठा! मामा, पाहा नं आईले काय झालं!"

तोवर मोहित बाहेर उभा राहून मोबाइलवर हे सगळं टिपत होता. त्याने तो खाली केला. मी पुन्हा आत चढलो, अक्काचा दंड धरला. दंड बर्फासारखा गार, आणि दगडासारखा घट्ट. "अक्का, मी आहे. पाय खाली टाक." तिने माझ्याकडे पाहिलं, पण ओळखल्यासारखं नाही. शेवटी भाऊजी दुसरीकडून आले, आम्ही दोघांनी तिला उचलूनच बाहेर काढलं. सीट वाकली. सोनिका पोरीला छातीशी धरून बाहेर पडली.

शोरूमच्या सोफ्यावर अक्काला बसवलं, पाणी दिलं. ती फक्त माझ्याशी बोलली, हळू आवाजात.

"त्यायले उठताच आलं नसन रे. आत्याबाईले. मी इतकी वर्षं समजत होती का त्यायनं मुद्दाम केलं."

भाऊजी समोर उभे होते. त्यांनी ते ऐकलं. काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. पण नंतरच्या लग्नकार्यांत ती वाफेची गोष्ट त्यांनी सांगितलेली मी ऐकलेली नाही.

दुसरं शोरूम कामठी रोडवर. मोहित म्हणाला, आज राहू द्या, आईला बरं नाही. अक्का म्हणाली, "आजच." तिथली गाडी पांढरी, तितकीच लांब, पण आतून जरा साधी. मालिश नव्हती. मधल्या रांगेत सलग सीटऐवजी दोन वेगळ्या खुर्च्या होत्या आणि त्यांच्यामधून मागे जायला एक अरुंद वाट. तिथे कोणी ड्रिलचा शब्द काढला नाही. आम्ही मुकाट्याने तसेच बसलो. मग मी उतरलो, अक्का मुद्दाम उठली नाही. "निंग वं सोनिका," ती समोर बघतच म्हणाली. सोनिका मुग्धाला पुढे ढकलत, आजीच्या कोपराला घासत, मधल्या वाटेने आली आणि माझ्या बाजूच्या दाराने खाली उतरली. आजी जागच्या जागीच होती.

घरी येऊन भाऊजींनी मला विचारलं, "साळे, हिशोबानं कोणती?" हिशोबाने काळीच सरस होती, तसं मी प्रामाणिकपणे सांगितलं. मोहितचं मनही काळीवर होतं. भाऊजी सुपारी कातरत होते. "पांढरी घे," ते मोहितला म्हणाले. "पाठ काय, घरी दाबून घेईन."

महिन्याभराने पांढरी गाडी दारात आली. पूजा झाली, चाकाखाली लिंबं फुटली. पहिलीच फेरी भिवापूरला, आमच्या गावच्या देवीला. मीही होतो. उमरेड रोडने जायचं म्हणून अक्काने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पण ती मधल्या खुर्चीवर बसली. सोनिका आणि मुग्धा मागे गेल्या.

निघताना भाऊजींनी पूजेच्या सामानाची पेटी आणली, पाण्याचा मोठा थर्मास आणला, आणि वाटेत कोणाला तरी द्यायची मिरचीची भरलेली गोणी. डिक्कीत कपड्यांच्या बॅगा होत्या. त्यांनी सगळ्यांच्या घरात करतात तेच केलं: मधल्या दोन खुर्च्यांमध्ये मोकळी जागा दिसली, तिथे गोणी ठेवली, गोणीवर पेटी आणि पेटीवर थर्मास.

"चाल रे मोहित," ते म्हणाले.

"थांब," अक्का म्हणाली.

"काय झालं?"

"हे काढा इथून."

"अवं, कुठं ठेवू? बसलं बरोबर, हालत नाई. भिवापूर काय दूर आहे?"

"काढा म्हटलं नं!"

चाळीस वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. गल्लीतल्या शेजारणीने फाटकातून डोकं बाहेर काढलं. अक्काचा चेहरा पांढराफटक होता, कपाळावर घामाचे थेंब. ती रागावलेली नव्हती. ती भीतीने थरथरत होती आणि त्या थरथरीतूनच बोलत होती. "मायी सून मागं आहे. हे काढल्याबिगर गाडी हालणार नाई. मी उतरते, दारात आडवी पडते, पण हालणार नाई."

मोहितने इंजिन बंद केलं. भाऊजी खाली उतरले. थर्मास त्यांनी माझ्या मांडीवर दिला, पेटी आपल्या सीटवर कडेला ठेवली, आणि मिरचीची गोणी स्वतःच्या पायांखाली घेतली. गुडघे जवळजवळ छातीला लावून ते बसले. "झालं? आता काय, मालिशबी नाई अन् पायबी नाई," ते पुटपुटले, पण गोणी हलवली नाही.

गाडी निघाली. दिघोरी मागे पडली, दोन्ही बाजूंना शेतं लागली. मुग्धा मागे गाणं म्हणत होती. मिरचीचा खाट गाडीभर पसरला आणि सगळे आळीपाळीने शिंकत होते. अक्का शिंकायचीसुद्धा डोळे उघडे ठेवून. उजवा हात तिने खाली सोडला होता. दर थोड्या वेळाने ती मधल्या वाटेत तो चाचपायची, तिथे काही नाही ना ते बघायची. उमरेड गेलं तरी हात वर आला नाही.