वेगळा पिनकोड मागणारे दादाराव

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या आमच्या विहारामागे एक खोली आहे. तेथे दुपारी तीन ते पाच प्रौढ साक्षरता वर्ग भरतो. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी त्या खोलीत अक्षर शिकले. दादाराव सोमकुंवर त्या खोलीची देखरेख करीत असत. त्यांच्याविषयी मी हे लिहीत आहे. घडलेल्या गोष्टीत माझाही वाटा आहे, म्हणून तो न लपवता लिहीन.

दादाराव रेल्वेच्या टपाल डब्यात सॉर्टर होते. नागपूर ते इटारसी या मार्गावर त्यांनी एकतीस वर्षे उभ्याने पत्रे निवडली. पांढुर्ण्याची थैली वेगळी, तिगावची वेगळी. ते सांगत की सॉर्टरने पत्र कधी फोडू नये, आणि तशी गरजही पडू नये. पत्ता वाचताच हात योग्य खणाकडे गेला पाहिजे. एखादे पत्र चुकीच्या थैलीत निघाले तर ते लपवायचे नाही, कोठून आले आणि कोणाच्या हाती लागले ते कागदावर नोंदवायचे. नोंद करणाऱ्याला कोणी दोष देत नसे. ज्याने चुकीच्या थैलीत टाकले, दोष त्याचा.

विहाराच्या समितीने खोलीत मुलामुलींच्या अभ्यासासाठी संगणक बसविला, तेव्हा म्हाताऱ्या मंडळींना भीती वाटली की त्यात नको ते दिसेल. दादारावांनी त्यांची समजूत काढली. त्यांनी खिळ्याला एक वही टांगली. जो संगणकावर बसेल त्याने नाव, तारीख आणि उघडलेल्या प्रत्येक पानाचा पत्ता तीत लिहायचा. पत्ता मराठी अक्षरांत लिहायचा, म्हणजे समितीतल्या कोणालाही वाचता येईल. चुकून एखादे पान उघडले तरी त्याचीही नोंद करायची. ते म्हणाले, "खरं लिहिणाऱ्याले इथं कोणी काही म्हणनार नाही. माझी जबाबदारी." या शब्दावर खोली चालली.

तेजस्विनी ही श्रीकांत ढोके यांची मुलगी. वय बावीस. श्रीकांत कारखान्यात पाळीवर जातात. मुलीला पटवारी, म्हणजे तलाठी, व्हायचे होते. घरी एकच मोबाइल होता आणि तो वडिलांबरोबर जाई, म्हणून ती रोज दुपारी येऊन संगणकावर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवी. आम्ही बाया एका बाजूला बाराखडी गिरवीत असू आणि ती दुसऱ्या बाजूला गणिते करीत असे. मला ती आजी म्हणे आणि माझी पाटी तपासून देई. मागच्या परीक्षेत ती चार गुणांनी राहिली होती. वडिलांनी तिला सांगितले होते की ही एक परीक्षा आणखी दे, नंतर आम्ही स्थळ पाहू.

भाद्रपदातल्या एका बुधवारी ती प्रश्नपत्रिका उतरवून घेत होती. तिने जेथे बोट दाबले तेथून दुसरेच पान उघडले. त्यावर नग्न चित्रे होती. तिने ते तत्काळ बंद केले. मग ती उठली, वहीपाशी गेली आणि नियमाप्रमाणे त्या पानाचा पूर्ण पत्ता मराठी अक्षरांत लिहिला. पुढे बारीक अक्षरांत लिहिले: आपोआप उघडले, लगेच बंद केले. हे मी नंतर पाहिले. दादाराव त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही पेन्शनच्या कामाला गेले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात वाचनाचा सराव होता. आमच्या शिक्षिका प्रज्ञाताई महाविद्यालयात संगणक शिकवितात आणि आमचा वर्ग विनामूल्य घेतात. त्या अजून आल्या नव्हत्या, तेजस्विनीही आली नव्हती. ताईंनी आम्हाला सांगून ठेवले होते की जे लिहिलेले दिसेल ते मोठ्याने वाचा, दुकानाची पाटी असो की औषधाची बाटली. मी वही काढली. नाव वाचले, तारीख वाचली आणि तो पत्ता अक्षर लावून, थांबत थांबत, खणखणीत आवाजात वाचला. त्यातले शब्द इंग्रजी होते, मला अर्थ ठाऊक नव्हता. ज्या बायांच्या घरी मोबाइल होते त्यांना ठाऊक होता. त्या हसू लागल्या. एक म्हणाली, "वा रे पटवारीन बाई, हाच सातबारा पाहून राहिली होती काय?" हसण्यात पुढची बारीक अक्षरे राहिली. मी ती वाचली नाही आणि दुसऱ्या कोणीही वाचली नाहीत.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वस्तीभर झाली. तिसऱ्या दिवशी तेजस्विनी आली नाही. त्यानंतर ती कधीच आली नाही.

दादारावांना कळले तेव्हा ते वही हातात घेऊन घरोघरी गेले. बारीक अक्षरांवर बोट ठेवून त्यांनी लोकांना वाचून दाखविले. लोक ऐकून घेत, मान हलवीत आणि म्हणत की असेल तसे, पण उघडले तर होतेच ना. ते श्रीकांतकडेही गेले. मी बरोबर होते. श्रीकांतने आम्हाला पाटावर बसविले, पाणी दिले आणि शांतपणे म्हटले, "काका, मले मालूम हाय माही पोरगी खरी हाय. तुमी किती जनाले सांगान? मले तर रोज कारखान्यात जा लागते, तिथंही विचारून राहिले लोक." मुलीला तिच्या आत्याकडे रामाकोन्याला पाठविले होते. परीक्षेला दीड महिना उरला होता.

त्या दिवसापासून दादारावांच्या मनाने एकच गोष्ट धरली. सर्व दोष थैलीचा आहे. जगातल्या अशा सर्व पानांना एकच वेगळा पिनकोड असावा, पत्त्याच्या शेवटी एकच ठरलेली खूण असावी. मग घरोघरी, शाळेत, विहारात ती एक खूण अडविली की झाले. ज्याला पाहायचे आहे त्याने तेथे जाऊन पाहावे, पण अभ्यासाच्या थैलीत ते येता कामा नये. त्यांनी हिंदीत चार पानी अर्ज लिहिला आणि मंगळवारी बसने पांढुर्ण्याला कलेक्टर कचेरीतल्या जनसुनवाईत, म्हणजे तक्रारी ऐकण्याच्या बैठकीत, नेला. तेथील साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, अर्ज पूर्ण वाचला आणि सांगितले की बाबा, मागणी चांगली आहे, पण जिल्ह्याच्या हातात हे नाही. अर्ज वर पाठविण्याची पोच दिली. दादाराव ती पोच खिशात घेऊन आठ दिवस आशेने फिरले. मला म्हणत, हे एकदा झाले की मी पुन्हा समितीपुढे उभा राहीन आणि तेजस्विनीला घेऊन येईन.

मग ते मला घेऊन प्रज्ञाताईंकडे गेले, अर्जाची प्रत दाखवायला. प्रज्ञाताईंना सांगणे जड गेले, हे मला दिसले. त्या म्हणाल्या की काका, अशा पानांसाठी पत्त्याचा वेगळा शेवट केलेला आहे, त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला.

"मंग?" दादाराव म्हणाले.

"मंग काही नाही. तिथं जायची सक्ती कोणावरच नाही. ज्याले वाटलं त्यानं घेतला तो पत्ता, बाकीचे आपापल्या जागी."

"सक्ती करा."

"कोन करन, काका? एका देशात सरकार म्हनन, दुसऱ्या देशातून पान चालन. आन काय घान आन काय नाही, हे कोन ठरवन? उद्या छातीच्या गाठीची माहिती सांगनारं पानही त्याच थैलीत टाकतीन. मंग आमच्या बायाइनं वाचावं कुठं?" मग त्या हळूच म्हणाल्या, "पाठवनाराच खोटा पत्ता लिहीत असन तर तुमी सॉर्टिंगमदी काय करत होते?"

दादारावांनी अर्जाची प्रत घडी घालून खिशात ठेवली. नंतर म्हणाले की आमच्याकडे खोटा पत्ता लिहिणारा क्वचित असे. लोकांना पत्र पोहोचावे असेच वाटे.

मला वाटते, त्या दुपारी त्यांच्यातले काही तरी संपले. ते घरी चालत गेले, रस्त्यात कोणाच्या जय भीमला त्यांनी उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी समितीने संगणक बंद करण्याचे ठरविले. दादाराव सभेत होते आणि एक शब्दही बोलले नाहीत. परीक्षा देणारी आणखी तीन मुले होती, त्यांचेही येणे थांबले.

परीक्षेच्या चार दिवस आधी ते माझ्या दारात आले. बाजारातल्या दुकानातून त्यांनी तेजस्विनीचे प्रवेशपत्र काढून आणले होते. म्हणाले, "चाल बाई, रामाकोन्याले जाऊ. तू बी चाल. तुलेही तिच्याशी बोलाचं हाय." मला बोलायचे होतेच. बसमध्ये मी मनात वाक्ये जुळवीत होते.

ती आत्याच्या अंगणात तूर निवडीत होती. आम्हाला पाहून उठली, पाया पडली, चहा ठेवते म्हणाली. दादारावांनी प्रवेशपत्र पुढे केले आणि सांगितले की परीक्षा केंद्रापर्यंत मी तुझ्याबरोबर येतो, तुझ्या बापाला मी सांगतो. तिने तो कागद घेतला, त्यावरचा आपला फोटो पाहिला.

ती म्हणाली, "काका, तुमी म्हनलं होतं, खरं लिहिलं का कोणी काही म्हनत नाही."

"म्हनलं होतं."

"मी नसतं लिहिलं तर कोणाले कळलंच नसतं."

मग मी बोलले. मी म्हटले की पोरी, ते मी वाचले, मला अर्थ कळत नव्हता, आणि पुढचे मी वाचायला हवे होते. ती माझ्याजवळ आली आणि तिने माझा हात धरला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोसला असता. ती म्हणाली, "जाऊ द्या आजी. तुमी त्या दिवशी एकही अक्षर चुकल्या नव्हत्या, असं सांगत होत्या बाया."

ती परीक्षेला गेली नाही. माघात तिचे लग्न झाले, मुलाकडच्यांनी चौकशी केली नाही एवढ्यावर श्रीकांतने स्थळ पक्के केले. दादाराव आता घराबाहेर फारसे पडत नाहीत. मी गेले तर बसा म्हणतात आणि बोलत नाहीत. आमचा वर्ग चालू आहे. प्रज्ञाताई अजूनही सांगतात की दिसेल ते मोठ्याने वाचा. मी मनात वाचते.