दोनच रिंग

"रोज सकाळी एकाच नंबरवर दोन रिंग जातात आणि कट. कोणी उचलत नाही, कोणी बोलत नाही. हा सट्ट्याचा इशारा नाही तर काय आहे?" साहेबांनी टेबलावर पेन आपटलं.

समोर आमची ऑपरेटर नलिनी उभी होती. टेम्पररी. साहेबांनी एक शेरा मारला की तिची नोकरी गेली.

मी तेव्हा नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होतो. मॉर्निंग कॉल नावाची सोय असे. तुम्ही वेळ सांगायची, त्या वेळी ऑपरेटर फोन करून तुम्हाला उठवणार. नियम असा की पलीकडून आवाज येईपर्यंत रिंग थांबवायची नाही.

"सर, त्या नंबरवाले झोपून नाही राहत, ध्यानाले बसून राहतात," नलिनी म्हणाली. "उठाची घंटी म्हणजे माह्या दोन रिंग. तिसरी गेली तं त्याईले वाटते, पॉवर प्लांटनं ड्युटीवर बोलावलं."

"ध्यान!" साहेब हसले. मलाही पटलं नाही. ध्यानाला माणूस घड्याळ लावेल, एक्स्चेंज कशाला कामाला लावेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी नलिनीला बोर्डावरून उठवलं, तो कॉल बंद ठेवला आणि मला फोन तपासायच्या बहाण्याने त्या घरी धाडलं.

घर कोराडीच्या वीज केंद्रातल्या एका फोरमनचं. फोन प्लांटनेच दिलेला, बिघाड झाला की बोलावून घ्यायला. बाईंनी दार उघडलं. "आवाज नका करू भाऊ, ते बसले हायेत."

बुद्धाच्या मूर्तीसमोर चटईवर फोरमन डोळे मिटून बसले होते. मी फोनचे स्क्रू काढत, घालत त्यांच्याकडे बघत राहिलो. म्हटलं, इशारा आला नाही की चुळबुळ सुरू होणारच.

वेळ टळून गेली. गडी हलला नाही. गल्लीच्या तोंडाशी स्टाफ बसचा हॉर्न वाजला. बाई डबा हातात घेऊन आतबाहेर करू लागल्या.

"काहून नाही वाजली भाऊ आज? तुम्ही खोलला म्हणून तं नाही?"

"तुम्हीच उठवा की त्यांना."

"मी नाही हात लावत. ते म्हणतात, घड्याळ ठेवलं की मन काट्यावरच जाऊन बसते. वेळ दुसऱ्याच्या हाती देली की निवांत बसता येते."

हॉर्न पुन्हा वाजला. मग बस गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी एक्स्चेंजला फोन लावला. "नलिनीला बोर्डावर बसवा. साहेबांना मी सांगतो. ह्या नंबरवर दोन रिंग. दोनच."

फोन दोनदा वाजला. फोरमननी सावकाश डोळे उघडले. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर पाहून म्हणाले, "फोन बिघडला होता काय गा?"

"नाही," मी म्हणालो. "फोन चांगला आहे."

साहेबांना मी एवढंच सांगितलं, की सट्टेवाला असता तर इशारा चुकल्याबरोबर उठला असता. ह्याची बस गेली, तरी हा उठला नाही. नलिनीची नोकरी राहिली. साहेब म्हणाले, "तरी लक्ष ठेवा."

त्या दिवशी फोरमनची रजा लागली. खरं म्हणजे ती साहेबांच्या आणि माझ्या नावावर लागायला हवी होती.