रंग न लावलेली जागा

आप्पा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कराडच्या बाजारात त्यांच्यासाठीच रुपेरी रंगाचा डबा घेत होतो. दसरा जवळ आला की आप्पांना रंगाचे डोहाळे लागत. दुकानदार विचारत होता, "अजून काय देऊ?" मी तेवढा डबा घेऊन निघालो.

पलटणीतून सुभेदार होऊन आप्पा गावी परतले, ऊस मुलाच्या हवाली केला आणि कराडच्या विमानतळाच्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक तीनचाकी, हलकं विमान आणून ठेवलं. दोन माणसं पाठोपाठ बसतील एवढंच. गावाने म्हाताऱ्याला चळ लागला म्हणून नावं ठेवली. मी साखर कारखान्यातला निवृत्त इलेक्ट्रिशियन आणि त्यांचा शेजारी, म्हणून वायरिंगला माझा हात असायचा. आप्पांना व्यसन एकच, रंगाचं. फाटक, पाण्याची मोटर, ट्रॅक्टर, काही सुटायचं नाही. "जे हलत न्हाई ते रंगवायचं. पलटणीत शिकलोय गड्या!"

गेल्या खंडेनवमीला पूजेआधी त्यांनी बेंदराचा बैल रंगवावा तसं विमान रंगवलं, पार सुटे भाग काढून. त्यानंतर इंजिन सुरू केलं, तर चार्जिंगचा लाल दिवा विझेचना. बॅटरी भरतच नव्हती. एरवी आप्पा हसले असते. पण दिवाळीनंतर त्यांची डॉक्टरी तपासणी होती आणि वय बघता पुढे उडायची परवानगी मिळेल, अशी त्यांना आशा नव्हती. रहिमतपूर, म्हणजे त्यांच्या बायकोचं, आमच्या वहिनींचं माहेर, वहिनींना वरून दाखवायचं राहिलं होतं. इतकी वर्षं भीतीने नको म्हणणाऱ्या वहिनी आत्ता कुठे तयार झाल्या होत्या. बॅटरी उतरली तरी ते इंजिन चालतं, रेडिओ मात्र बंद पडतो. "एकटा आसतो तर गेलो आसतो," आप्पा म्हणाले, "तिला घिऊन न्हाई."

फ्यूज शाबूत होता. इंजिनाच्या कॉइलमधून करंट येत होता. मग कॉइलचा करंट बॅटरीच्या मापाचा करून देणारा रेग्युलेटरच गेलाय, असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं. पुण्याहून नवा मागवला, बसवला. दिवा जसाच्या तसा. मी हात टेकले. आप्पांनी मात्र वायरचा एक तुकडा घेतला, एक टोक रेग्युलेटरच्या अंगाला लावलं, दुसरं बॅटरीच्या मायनसला... दिवा विझला! रेग्युलेटर इंजिनाजवळच्या ज्या पत्र्यावर बोल्टने आवळला होता, त्यावर चकचकीत रुपेरी रंग होता. रंगाच्या थरातून करंट जात नाही; त्याखाली अर्थिंग तुटलं होतं.

"आयला, म्हंजी चोर मीच की रं!" आप्पा खाली बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग पॉलिश पेपरने त्यांनी तो पत्रा घासला, लागते त्याहून जास्तच, चांगली तळहाताएवढी जागा उघडी केली.

दिवाळीच्या आधी एका सकाळी आप्पा-वहिनी दोघं जाऊन आले. उतरल्यावर मी वहिनींना चिडवलं, "दिसलं का माहेर?"

"कुठलं वो भावजी! मी ह्यांची पाठच बघत हुते." मग जरा थांबून म्हणाल्या, "पलटणीला निघाले की बी पाठच दिसायची. तवा ती लांब जायची... आज संगं हुती."

आप्पांनी हे ऐकलं आणि उगीचच चाकाची हवा बघत बसले.

यंदा घरात सण नव्हता. तरी खंडेनवमीला वहिनींनी मला शेड उघडायला लावली. "रंगवा भावजी, त्यास्नी आवडायचं." मी तोच डबा उघडला. माझा ब्रश इंजिनापाशी आला, तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"आवं, तिथं नगं. ती ह्यांनी मोकळी ठिवलीया."

हळदकुंकवाची कोयरी मीच त्यांच्यापुढे केली. त्या क्षणभर बिचकल्या. मग त्यांनी पंखाला लावलं, चाकांना लावलं, इंजिनाला लावलं. त्या उघड्या पत्र्याला मात्र कुंकवाचं बोट लागू दिलं नाही. पदराने तेवढी जागा पुसली आणि पाठीवरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवला.